उसना खेळाडू

शेजारच्या घरून वाटीभर साखर किंवा विरजण उसने आणले, तर ती वाटी रिकामी परत पाठवू नये असा आपल्याकडे रिवाज आहे. साखर परत करायची ती करायचीच, पण सोबत दोन लाडू, चार करंज्या, निदान एखादे फळ तरी ठेवायचे. आमच्या इंदूरच्या मल्हारगंजात हा रिवाज आजही पाळतात, आणि वसतिगृहातील माझ्या कानडी मित्रांच्या घरीही तो तसाच आहे असे त्यांच्याकडून कळते. हा साधा घरगुती रिवाज खेळाडूंच्या उसनवारीलाही लागू झाला पाहिजे, असे माझे मत आहे. ते मी या लेखात मांडणार आहे, आणि शेवटी आपल्या जिमखान्यापुढे एक सूचनाही ठेवणार आहे.

प्राध्यापक मंडळींपैकी काहींना विषयाची ओळख नसेल, म्हणून प्रथम थोडी प्रस्तावना करतो. संगणकावर खेळायचा ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा एक खेळ आहे. त्याचे मूळ पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी १९९२ साली आणलेल्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या खेळात आहे. यात आपण चेंडूला पाय लावत नाही. आपण क्लबचे व्यवस्थापक होतो. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, संघ निवडायचा, पगाराचा हिशेब जुळवायचा, आणि हरलो की संचालकांची बोलणी खायची. प्रत्येक खेळाडूच्या एकेका गुणाला २० पैकी गुण दिलेले असतात. त्याखेरीज, तो पुढे जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल हे सांगणारा २०० पैकी एक आकडा खेळाच्या पोटात दडलेला असतो, आणि तो आपल्याला दिसत नाही.

आता समजा, आपल्या मोठ्या क्लबात १८ वर्षांचा एक होतकरू पोरगा आहे. पहिल्या संघात त्याला जागा नाही, आणि बाकावर बसून तो वाढणार नाही. मग त्याला एका हंगामापुरता खालच्या विभागातील लहान क्लबाकडे पाठवायचे. याला ‘लोनवर देणे’ म्हणतात, आपण उसना देणे म्हणू. या करारात बरीच कलमे असतात. पगारातला किती वाटा त्या क्लबाने उचलायचा, पोराला संघात कोणते स्थान द्यायचे, मध्येच परत बोलावता येईल की नाही, त्यांना तो पुढे विकत घेता येईल की नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत तर उसने दिलेल्या पोरांवर नजर ठेवण्यासाठी एक स्वतंत्र माणूसही नेमता येतो.

मल्हारगंजात, बडा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे, आणि वरच्या मजल्यावर आत्याचे बिऱ्हाड. आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला आम्ही नुसते ‘दादा’ म्हणतो. या खेळाची दीक्षा मला त्यानेच दिली. मी शिक्षणासाठी मामांकडे, म्हणजे इकडे, आलो, तरी सुट्टीत घरी गेलो की आमचे व्यवस्थापन रात्री उशिरापर्यंत चालते. गेल्या दिवाळीत मी त्याच्या क्लबाची यादी पाहिली, तर त्याने २२ पोरे उसनी दिलेली! मी विचारले, “दादा, इतकी पोरं बाहेर देऊन तू काय करून राहिला?” तो म्हणाला, “अरे, पगार वाचतो नं! त्यातली दोन निघाली तर निघाली, बाकीची विकून टाकायची.” त्यातला एक बचावपटू सहा महिन्यांत एकही सामना खेळला नव्हता, आणि दादाला त्याचे नावही आठवत नव्हते.

आमचे भांडण तेथे सुरू झाले. दादाचे म्हणणे असे, की खेळ आहे, पडद्यावरची पोरे आहेत, त्यांचे काय मनाला लावून घ्यायचे? ते खरेच आहे. पण दादाने जे पडद्यावर केले ते जगातल्या मोठ्या क्लबांनी खऱ्या पोरांच्या बाबतीत केले आहे, म्हणून हा वाद मी येथपर्यंत आणला.

उसनवारी मुळात वाईट नाही. डेव्हिड बेकहॅम १९ वर्षांचा असताना, १९९५ साली, मँचेस्टर युनायटेडने त्याला प्रेस्टन नॉर्थ एंड या चौथ्या पायरीवरील क्लबाकडे पाठवले. तेथे तो अवघे पाच लीग सामने खेळला आणि त्याने दोन गोल केले. त्यांतला एक तर थेट कॉर्नरवरून. प्रौढ माणसांच्या धसमुसळ्या खेळात आपण टिकू शकतो हे त्याला आणि त्याच्या गुरूंना त्या पाच सामन्यांत कळले.

हॅरी केनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. टॉटनहॅमने त्याला चार वेळा उसना दिला. २०११ साली, तो १७ वर्षांचा असताना, लेटन ओरिएंटकडे, पुढच्या वर्षी मिलवॉलकडे, मग नॉर्विचकडे आणि २०१३ साली लेस्टरकडे. मिलवॉलला तो सतत खेळला, गोल केले, आणि त्या क्लबाने त्याला वर्षातील उत्तम तरुण खेळाडू ठरवले. नॉर्विचला पायाचे हाड मोडले आणि हंगाम वाया गेला. लेस्टरला तो बराच काळ बाकावर होता, आणि त्याच्याबरोबर बाकावर जेमी वार्डीही होता! पोरगा एकच, त्याच्या अंगचे गुण तेच, तरी चारही ठिकाणी अनुभव वेगळा. नॉर्विच त्यावेळी सर्वांत वरच्या विभागात होते, पण पोरगा घडला तो मिलवॉलला. म्हणजे उसनवारीचे यश घेणाऱ्या क्लबाच्या मोठेपणावर ठरत नाही, पोराला मिळालेल्या सामन्यांवर ठरते.

आता दुसरी बाजू पाहा. चेल्सी क्लबाने काही हंगामांत तीसहून अधिक खेळाडू बाहेर उसने ठेवले होते. पॅट्रिक बॅमफर्ड हा त्यांतलाच एक. मिल्टन कीन्स डॉन्स, डर्बी, मिडल्सब्रो, क्रिस्टल पॅलेस, नॉर्विच, बर्नली असे सहा क्लब तो हिंडला. २०१७ साली त्याने चेल्सी सोडले तेव्हा चेल्सीच्या पहिल्या संघाकडून तो एकही सामना खेळलेला नव्हता. पुढे त्याने नाव काढले ही गोष्ट वेगळी. पण ज्या घरचा म्हणून तो गावोगाव हिंडला, त्या घराचा उंबरा त्याने कधी ओलांडलाच नाही. अशी उदाहरणे वाढली तेव्हा जागतिक फुटबॉल संघटनेला, म्हणजे फिफाला, नियम करावा लागला. १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर मर्यादा आली. पहिल्या हंगामात आठ द्यायचे व आठ घ्यायचे, पुढे सात, आणि २०२४ पासून सहा. मात्र २१ वर्षांपर्यंतची आणि त्याच क्लबात तयार झालेली पोरे या मोजणीतून वगळली आहेत. म्हणजे सर्वांत कोवळ्या पोरांची काळजी पुन्हा क्लबाच्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोडलेली आहे.

येथवर आपण देणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा विचार केला. उसने घेणाऱ्या लहान क्लबाचे काय? संगणकाच्या खेळात याचा हिशेब कोणी करत नाही. पोरगा येतो, गोल करतो, हंगाम संपला की निघून जातो, आणि त्याने अडवलेल्या जागेवर बसून राहिलेला गावचा पोरगा आहे तेथेच राहतो. हा हिशेब समजून घ्यायला मला इंग्लंडला जावे लागत नाही. तो आमच्या इंदूरच्याच इतिहासात लिहिलेला आहे, फक्त फुटबॉलऐवजी क्रिकेटच्या भाषेत.

मुंबईपुढे इंदूर म्हणजे लहान गाव. पण होळकरांनी बाहेरचे गुणी खेळाडू आणून संघ उभा केला. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला आले. सागरचे चंदू सरवटे आले, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत होळकर संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात १० वेळा पोहोचला आणि चार वेळा जिंकला. आपल्या कानडी वाचकांना एक जुनी जखम आठवून देतो. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात याच होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, आणि एका डावात सहा जणांनी शतके ठोकली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि पन्नाशी गाठलेले खुद्द नायडू!

त्या काळात होळकरांकडे एक खराखुरा उसना खेळाडूही येऊन गेला. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महायुद्धामुळे लष्करी नोकरीत महूला होता. महू इंदूरपासून अगदी जवळ. १९४५ सालच्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो होळकरांकडून खेळला. विजयासाठी ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य, आणि कॉम्प्टनच्या नाबाद २४९. होळकर ४९२ वर आटोपले, सामना हरले. मग युद्ध संपले आणि कॉम्प्टन मायदेशी गेला. इंदूरच्या वाटीत एक गोड आठवण राहिली, तीही मोलाचीच.

परंतु नायडूंचे तसे नव्हते. ते आले आणि राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाले तेही इंदुरातच. त्यांच्या नजरेखाली इंदूरचाच मुश्ताक अली हा मुलगा वाढला, आणि त्याने १९३६ साली मँचेस्टरला शतक झळकावले. परदेशातील कसोटीत शतक करणारा तो पहिला भारतीय. आज देशातील २० षटकांची स्पर्धा त्यांच्याच नावाने खेळली जाते. त्या सहा शतकवीरांतील माधवसिंह जगदाळे यांचे चिरंजीव संजय जगदाळे यांनी पुढे इंदुरात मुले घडवली. गोरखपूरचा नरेंद्र हिरवानी हा पोरगा क्रिकेटसाठी घर सोडून इंदूरला आला तो त्यांच्याच हाताखाली तयार झाला, आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले. बाहेरून आलेल्याने गावाला काही दिले, गावाने ते जपले, आणि ते दुसऱ्या बाहेरून आलेल्याच्या कामी आले. भरलेली वाटी घरोघर फिरत राहिली म्हणायची.

असे असूनही करंडक मात्र लवकर परत आला नाही. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून गेले, आणि १९५२-५३ च्या विजयानंतर पुढचा करंडक या मुलखात आला तो थेट २०२२ साली, मध्य प्रदेशच्या नावाने. मुंबईचे चंद्रकांत पंडित कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशकडून खेळायला आले होते. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात ते कर्णधार होते, आणि बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाने त्यांना हरवले. २३ वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला हरवून करंडक मिळवला. त्या सामन्यात शतक करणारा रजत पाटीदार आमच्या इंदूरचा. पाहुणा म्हणून आलेला माणूस पुढे घरच्या पोरांचा गुरू झाला तेव्हा कुठे ती सहा-सात दशकांची कोरड संपली. जे संघ दरवर्षी नवा पाहुणा आणून हंगाम साजरा करतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या दादानेच घेतला. तो म्हणतो, “मोठ्या संघात राहून मोठ्यांना पाहून पोर शिकतं. लहान जागी गेलं की वासरांत लंगडी गाय शहाणी!” यात तथ्य आहे. सोप्या गोलंदाजीवर शतके काढणाऱ्याला आपण मोठे झालो असा भ्रम होऊ शकतो. पण पाहून किती शिकायचे यालाही मर्यादा असते. अर्जुन तेंडुलकरचेच पाहा. क्रिकेट पाहायला त्याच्या घराहून चांगली जागा जगात नसेल. मुंबईकडून मात्र त्याला २०२१ साली मोजकेच सामने मिळाले, तेही मुश्ताक अलींच्या नावाच्या स्पर्धेत. २०२२ साली त्याने मुंबईचा ना-हरकत दाखला घेतला आणि तो गोव्याकडून खेळू लागला. त्याच डिसेंबरात पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजीतील पहिल्याच सामन्यात त्याने १२० धावा केल्या. ही उसनवारी नव्हती, कायमचे स्थलांतर होते. पुढे तो किती मोठा होईल हा प्रश्न निराळा. बाकावर बसून त्याला त्या १२० धावा मिळाल्या नसत्या एवढे तरी कोणालाही मान्य व्हावे.

आता मी आपल्या कॉलेजकडे वळतो. आपल्या फुटबॉल संघाच्या यादीत दरवर्षी राखीव खेळाडूंची नावे असतात. ही मुले सकाळी साडेपाचला मैदानावर येतात, जाळ्या बांधतात, चेंडूंत हवा भरतात, सरावात घाम गाळतात, आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. माझ्या वर्गातील एक राखीव गोलरक्षक तीन वर्षांत एकही पूर्ण सामना न खेळता यंदा पदवीधर होत आहे. त्याच्या अंगी किती गुण होते हे त्याला ठाऊक नाही, प्रशिक्षकांना नाही, कोणालाच नाही. संगणकाच्या खेळात निदान तो आकडा कोठेतरी लिहिलेला असतो. माणसाच्या बाबतीत सामना खेळल्याशिवाय तो लिहिलाच जात नाही.

विद्यापीठाच्या सामन्यांत एका कॉलेजचा मुलगा दुसऱ्याकडून खेळू शकत नाही, हे मी जाणतो. पण परीक्षेनंतर तालुक्याच्या गावांतून क्लबांच्या खुल्या स्पर्धा होतात, आणि तेथे ११ गडी जमवताना लहान क्लबांची ओढाताण होते. आपल्या राखीव मुलांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना जिमखान्याने या क्लबांकडे एका स्पर्धेपुरते रीतसर उसने द्यावे, अशी माझी सूचना आहे. मात्र काही अटींवर.

पहिली अट सामन्यांची. मुलगा निदान निम्मे सामने, आणि तेही त्याच्या नेहमीच्या जागेवर खेळेल, हे अगोदर ठरलेले असावे. न खेळवल्यास त्याला परत बोलवावे. दुसरी अट देखरेखीची. जिमखान्याच्या वतीने कोणीतरी, प्राध्यापक नसतील तर एखादा माजी खेळाडू, दोन सामने जाऊन पाहील आणि परत आल्यावर त्या मुलाशी अर्धा तास बोलेल. गोल किती झाले यापेक्षा त्या मुलाला तेथे काय अडले हे विचारील. नाव विसरण्याची सोय असू नये. तिसरी अट मर्यादेची. एका क्लबात आपली दोनच मुले जावीत, म्हणजे त्या गावच्या पोरांच्या जागा आपण अडवणार नाही.

आणि चौथी अट वाटीची. ज्या क्लबाने आपला मुलगा खेळवला, त्याला आपण काही द्यावे. आपले मैदान उन्हाळ्यात बरेच दिवस रिकामे असते. आठवड्यातून दोन दिवस ते त्या क्लबाच्या लहान मुलांना मिळावे. आपल्या प्रशिक्षकांनी त्यांच्या गोलरक्षकाला चार सकाळी शिकवावे. खर्च म्हणाल तर चुन्याच्या दोन पिशव्यांचा.

काही वाचकांना वाटेल, संगणकाच्या खेळावरून एवढे पुराण कशाला? मला तसे वाटत नाही. आपल्यापैकी किती तरी जण उद्या नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्ताने असेच कोणाकडे तरी उसने जाणार आहेत. मी स्वतः मल्हारगंजाने या गावाला तीन वर्षांसाठी दिलेला गडी आहे. मामींच्या स्वयंपाकघरात मी कानडी शिकलो, आणि मामेभावंडांना इंदुरी पोह्यांवर शेव आणि जिरावण टाकून खायला शिकवले. हिशेब बरोबरीत सुटला असे मामी म्हणतात.

जिमखान्याची पुढच्या वर्षीची सभा जूनमध्ये होईल. तोवर मी येथे नसेन. यादीत यंदा पाच राखीव मुले आहेत आणि त्यांतली तीन पहिल्या वर्षाची आहेत. त्यांच्या हातात अजून दोन उन्हाळे आहेत. सभासदांनी आणि प्राध्यापक महोदयांनी या सूचनेचा विचार त्या तिघांची नावे समोर ठेवून करावा, एवढी विनंती करतो आणि रजा घेतो.